92 ग्रॅमचं पाकीट: शेंगदाण्याच्या पेस्टने कुपोषणाचा उपचार दवाखान्यातून घरी कसा आणला?

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाच्या दक्षिणेला मारादी नावाचा प्रांत आहे. इथे बाजरी पिकते, शेजारच्या नायजेरियाशी धान्याचा व्यापार चालतो. वाळवंटाने वेढलेल्या त्या देशातला हा त्यातल्या त्यात सुपीक भाग. आणि 2005 साली कुपोषित मुलांची सगळ्यात मोठी गर्दी नेमकी इथेच झाली.

आदल्या वर्षी पाऊस कमी पडला होता, टोळधाड येऊन गेली होती. पण बाजारात धान्य नव्हतं असं नाही. होतं, भाव मात्र गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले होते. जून ते सप्टेंबर हा तिथला सगळ्यात वाईट काळ. पेरणी झालेली असते, जुनं धान्य संपलेलं असतं आणि नवं हाती यायला वेळ असतो. मेळघाटातल्या पावसाळ्याबद्दल वाचणाऱ्याला हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

त्या वर्षी 'मेडिसाँ सां फ्राँतियेर' म्हणजे सीमापार काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने नायजरमध्ये 60 हजारांहून जास्त तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. एवढी मुलं ठेवायला कुठलंही रुग्णालय पुरलं नसतं. त्यातली बहुतेक मुलं रुग्णालयात राहिलीच नाहीत. आया त्यांना आठवड्यातून एकदा केंद्रावर आणत आणि आठवडाभराची पाकिटं घेऊन घरी जात. दहापैकी नऊच्या आसपास मुलं बरी झाली.

त्या पाकिटात होती शेंगदाण्याची गोड पेस्ट.

तीव्र कुपोषण म्हणजे नक्की काय?

कुपोषण हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. वर्षानुवर्षं अपुरं खाणं मिळालं की मूल वयाच्या मानाने बुटकं राहतं. हा खुजेपणा. दुसरा प्रकार कमी काळात होतो. आजारपण, अतिसार, घरातलं धान्य संपणं, आणि मूल उंचीच्या मानाने फार बारीक होतं. शरीर स्वतःचेच स्नायू आणि चरबी जाळायला लागतं. ही अवस्था टोकाला गेली की तिला तीव्र कुपोषण म्हणतात. अंगणवाडीच्या भाषेत 'सॅम'चं मूल.

ते ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाभोवती एक रंगीत पट्टी गुंडाळतात. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टी लाल रंग दाखवते, म्हणजे तीव्र कुपोषण. 115 ते 125 पिवळा, त्यावर हिरवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून खड्डा पडतो का तेही बघतात, कारण काही मुलं बारीक दिसत नाहीत, त्यांना सूज असते. घरचे समजतात मूल बाळसं धरतंय.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये जगात पाच वर्षांखालची 4 कोटी 50 लाख मुलं उंचीच्या मानाने बारीक होती. त्यातली 1 कोटी 36 लाख तीव्र गटातली. आपल्याकडचं चित्रही पाहून ठेवावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत भारतात तीव्र गटातल्या मुलांचं प्रमाण 7.7 टक्के होतं आणि महाराष्ट्रात 10.9 टक्के. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याचा आकडा देशाच्या सरासरीपेक्षा वाईट आहे.

आधी उपचार कसे व्हायचे?

उपाशी मुलाला पोटभर जेवू घातलं की झालं, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात अगदी खालावलेल्या मुलाला एकदम भरपूर खायला घातलं तर ते दगावू शकतं. शरीराने सगळी कामं मंद केलेली असतात. हृदय, मूत्रपिंड, आतडी, काहीच पूर्ण ताकदीने चालत नाही. जंतुसंसर्ग असला तरी ताप येत नाही, कारण ताप आणायलाही ताकद लागते.

म्हणून दोन टप्प्यांचं दूध तयार करण्यात आलं. पहिलं एफ-75: 100 मिलिलिटरमध्ये 75 कॅलरी, शरीर स्थिर करण्यासाठी. मग एफ-100, वजन वाढवण्यासाठी. औषध म्हणून दोन्ही उत्तम. अडचण दुधात नव्हती, ते पाण्यात कालवावं लागत होतं तिथे होती. दुष्काळी भागात स्वच्छ पाणी कुठून आणायचं? आणि कालवलेलं दूध उष्णतेत काही तासांत नासतं. ते आईच्या हाती देऊन घरी पाठवणं म्हणजे जंतू वाढवायचं भांडं देण्यासारखं.

त्यामुळे मुलाला केंद्रात ठेवावं लागे, आईसकट, महिनाभर. तंबूत शेकडो अशक्त मुलं एकत्र, म्हणजे गोवर आणि अतिसाराला मोकळं रान. शिवाय त्या आईची घरी आणखी तीन-चार मुलं असत आणि नेमकी शेतीची कामं निघालेली असत. एका मुलासाठी महिनाभर बाहेर राहिलं तर बाकीच्यांचं काय? बऱ्याच जणी यायच्याच नाहीत, आलेल्या मध्येच निघून जायच्या. केंद्रात पोचलेली मुलं वाचत, पण गरज असलेल्यांपैकी पोचणारी थोडी.

न्याहारीच्या टेबलावरची बरणी

आंद्रे ब्रिआं हे फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ बरीच वर्षं या पाण्याच्या प्रश्नावर डोकं लढवत होते. बिस्किटं, वड्या, असे प्रयोग करून झाले. काही चवीला भयंकर, काही उष्णतेत वितळणारे. एक दिवस न्याहारीच्या टेबलावर नुटेलाची बरणी दिसली आणि उत्तर सुचलं, असा किस्सा या शोधाबद्दल नेहमी सांगितला जातो. चॉकलेटची पेस्ट पाण्याशिवाय टिकते. मग दुधाची का नाही?

'न्युट्रीसेट' या फ्रेंच कंपनीचे मिशेल लेस्कान यांच्याबरोबर त्यांनी 1996 मध्ये ही पेस्ट तयार केली. एफ-100 मधल्या दूध पावडरीचा काही भाग काढून तिथे शेंगदाण्याचा लगदा घातला. बाकी साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. नाव ठेवलं 'प्लम्पीनट'. 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 कॅलरी.

यातली खरी हुशारी तेलात आहे. दूध पावडर आणि साखरेचा प्रत्येक कण तेलात लपेटलेला असतो, पाणी जवळजवळ नसतंच. पाणी नाही तर जंतू वाढत नाहीत. पाकीट फ्रिजशिवाय दोन वर्षं टिकतं. शिजवायचं नाही, कालवायचं नाही. कोपरा फाडायचा आणि मुलाने चोखून खायचं.

एक धोका मात्र शेंगदाण्यातच असतो. दमट जागी साठवलेल्या दाण्यांवर बुरशी येते आणि ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. कारखान्यात दाण्यांची तपासणी करावी लागते ती यासाठी. 'यात काय विशेष, घरीही होईल' असं म्हणणाऱ्यांच्या नजरेतून हा मुद्दा हमखास सुटतो.

घरी पाठवायचं धाडस

पेस्ट तयार झाली तरी काही वर्षं ती केंद्रांतच वापरली जात होती. मरणाच्या दारातलं मूल घरी पाठवायचं, हे डॉक्टरांच्या पचनी पडत नव्हतं. 2000 मध्ये इथिओपियात स्टीव्ह कॉलिन्स या डॉक्टरांनी गावपातळीवरच्या उपचाराचा प्रयोग केला. मालावीत मार्क मॅनरी हे अमेरिकी बालरोगतज्ज्ञ ब्लांटायरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात काम करत होते. वॉर्डात एकेका खाटेभोवती मुलं आणि आया, आणि मृत्यूचं प्रमाण हटत नाही. 2001 मध्ये त्यांनी मुलांना पेस्ट देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. घरी गेलेली मुलं वॉर्डातल्या मुलांपेक्षा चांगली सुधारली.

आज पद्धत साधारण अशी चालते. पट्टी लाल आली की मुलाला केंद्रावरच थोडी पेस्ट खायला देतात. ही भुकेची परीक्षा. मुलाने आवडीने खाल्लं आणि दुसरी काही गुंतागुंत नसली, तर प्रतिजैविक आणि आठवड्याची पाकिटं देऊन घरी. तोंड फिरवलं, धाप किंवा भारी ताप असला तर रुग्णालयात, म्हणजे पुन्हा तेच एफ-75. पेस्टने रुग्णालयाची गरज संपवलेली नाही, तिथली गर्दी कमी केली आहे.

आईला सांगायच्या गोष्टी मोजक्याच: आधी अंगावरचं दूध, मग पेस्ट, बरोबर भरपूर पिण्याचं पाणी, आणि हे औषध आहे, भावंडांत वाटायचं नाही. शेवटची सूचना पाळणं सगळ्यात अवघड. घरात चार भुकेली पोरं असताना एकालाच गोड पाकीट द्यायचं, हे कुठल्या आईला जमेल? पाकिटं वाटून खाल्ली जातात, कधी बाजारात विकलीही जातात. मदत संस्थांच्या कार्यकर्त्यांना हे चांगलं माहीत असतं, म्हणून काही ठिकाणी आजारी मुलाच्या पाकिटांबरोबर घरासाठीही धान्य देतात.

सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला सुमारे 150 पाकिटं लागतात. हे एक खोकं, साधारण 14 किलोचं. किंमत 40 ते 50 डॉलरच्या आसपास.

नायजरच्या अनुभवानंतर 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदन काढून या पद्धतीला मान्यता दिली. तेव्हापासून कामाची वाटणीही ठरून गेली: तीव्र गटातली मुलं युनिसेफकडे, मध्यम गटातली जागतिक अन्न कार्यक्रमाकडे. जगात तयार होणाऱ्या या पेस्टचा सगळ्यात मोठा खरेदीदार युनिसेफ आहे.

पण नायजरची दुसरी बाजूही आहे. संयुक्त राष्ट्रांनी तिथल्या संकटासाठी आधीच मदतीची हाक दिली होती. महिनोन्महिने फारसं कुणी ऐकलं नाही. जुलै 2005 मध्ये बीबीसीच्या बातम्यांत मुलांचे चेहरे दिसले आणि मग पैशांचा ओघ सुरू झाला. वेळेत दिला असता तर मुलामागे दिवसाला 1 डॉलर पुरला असता, आता 80 डॉलर लागताहेत, असं संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे मदतप्रमुख यान एगलँड यांनी सुनावलं होतं. इकडे नायजरचे राष्ट्राध्यक्ष ममादू तांजा आपली जनता खाऊन-पिऊन बरी दिसते असं सांगत होते.

भारताने पाकिटं परत का पाठवली?

2008-09 मध्ये युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशासाठी ही पाकिटं आणली. केंद्र सरकारने 2009 मध्ये आक्षेप घेतला. परवानगीशिवाय आयात केली, वापर थांबवा, माल देशाबाहेर न्या.

विरोध फक्त सरकारी कागदांचा नव्हता. अन्न अधिकाराचं काम करणारे कार्यकर्ते आणि अनेक बालरोगतज्ज्ञही विरोधात होते. त्यांचं म्हणणं असं: ज्या देशात दाणे, गूळ, डाळी, दूध सगळं पिकतं, तिथे परदेशी कंपनीचं पेटंट असलेलं पाकीट कशाला? आज उपचारासाठी आलेलं उद्या रोजच्या पोषण आहारात शिरेल, अंगणवाडीचा गरम शिजवलेला आहार मागे पडेल आणि खाद्य कंपन्यांना सरकारी कंत्राटांची दारं उघडतील. शेंगदाण्याच्या लाडवाने हे होणार नाही का?

प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर देणारी चाचणी भारतातच झाली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतल्या तीव्र कुपोषित मुलांचे तीन गट केले. एकाला स्थानिक पातळीवर बनवलेली पेस्ट, दुसऱ्याला कारखान्यातली, तिसऱ्याला घरीच शिजवलेलं अन्न, त्यासाठी लागणारा शिधा आणि जीवनसत्त्वं-क्षारांची जोड. 16 आठवड्यांत स्थानिक पेस्टच्या गटातली सुमारे 57 टक्के मुलं बरी झाली, कारखान्यातल्या पेस्टच्या गटातली 47 ते 48 टक्के, घरच्या अन्नाच्या गटातली सुमारे 43 टक्के. म्हणजे दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं निघालं. पेस्ट उपयोगी आहे, आणि ती फ्रान्समधून यायची गरज नाही.

मुंबईत सायन रुग्णालयाने हे आधीच करून दाखवलं होतं. आयआयटी मुंबईच्या मदतीने तिथे शेंगदाणे, दूध पावडर, साखर, तेल आणि सूक्ष्म पोषकद्रव्यं यांची स्वतःची पेस्ट बनवली जाते आणि धारावीसारख्या वस्त्यांतल्या मुलांना दिली जाते. ग्रामीण महाराष्ट्रात अंगणवाडीतली ग्राम बाल विकास केंद्रं मात्र बराच काळ स्थानिक आहारावर भर देत आली. वाद मिटलेला नाही.

माल कुणाचा, सोय कुणाची?

या भांडणामागे एक जुना अनुभव आहे. 1954 मध्ये अमेरिकेने 'पब्लिक लॉ 480' हा कायदा केला. तिकडच्या कोठारांत गहू उतू चालला होता, भाव पडत होते. तो गहू गरजू देशांना सवलतीत द्यायचा, म्हणजे त्यांची भूक भागेल आणि आपला शेतकरीही सावरेल. मुंबईचे नेते स. का. पाटील केंद्रात अन्नमंत्री असताना मे 1960 मध्ये वॉशिंग्टनला मोठा करार झाला: चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ. पाच वर्षांनी पावसाने लागोपाठ दगा दिला आणि देश या गव्हावर जगू लागला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी पुरवठा हात आखडून, थोडा थोडा सोडायला सुरुवात केली. भारताने शेतीधोरण बदलावं आणि व्हिएतनाम युद्धावर अमेरिकेला बोल लावू नयेत, ही अपेक्षा त्यामागे होती. रेशनवरचा तो लाल गहू ज्यांनी खाल्ला, त्यांना मदत या शब्दाची दुसरी बाजू शिकवावी लागत नाही.

त्या कायद्याची छाप पुढे बरीच वर्षं टिकली. मदतीचं धान्य अमेरिकेतच पिकलेलं हवं आणि त्यातला मोठा वाटा अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतून जायला हवा. जवळच्या जिल्ह्यात स्वस्त धान्य मिळत असलं तरी समुद्रापारचं येणार, काही महिन्यांनी. शिवाय त्यातलं काही धान्य गरीब देशांच्या बाजारात विकून संस्था आपल्या कामासाठी पैसे उभे करत, आणि तिथल्या शेतकऱ्याचा भाव पाडत. 2007 मध्ये 'केअर' या मोठ्या संस्थेने वर्षाला सुमारे 4 कोटी 50 लाख डॉलरची अशी मदत नाकारायचं ठरवलं, तेव्हा खळबळ उडाली होती.

शेंगदाण्याची पेस्ट या चक्रातून सुटेल असं वाटत होतं. पहिल्यांदाच कोठारात काय उरलंय यापेक्षा मुलाला काय हवंय यावरून वस्तू ठरली होती. पण पेटंट न्युट्रीसेटकडे होतं. 2009 च्या अखेरीस दोन अमेरिकी उत्पादकांनी त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली. दुसऱ्या वर्षी कंपनीने गरीब देशांतल्या उत्पादकांसाठी अटी सैल केल्या. आज नायजरच्या राजधानीतही ही पेस्ट बनते.

तरीही पैसा कुठून येतो हा प्रश्न उरलाच. अमेरिका या पाकिटांसाठी सगळ्यात जास्त पैसे देणारा देश होता, आणि तो पैसा बऱ्याच अंशी जॉर्जिया आणि ऱ्होड आयलंडमधल्या कारखान्यांना, अमेरिकी शेंगदाण्यांना जाई. 2025 च्या सुरुवातीला तिथल्या नव्या सरकारने परदेशी मदत गोठवली. कंत्राटं रद्द झाली, काही पुन्हा चालू झाली, तयार खोकी गोदामांत अडकली. 1 जुलैला 'यूएसएड' ही संस्थाच बंद झाली. त्याच महिन्यात बातमी आली की दुबईच्या गोदामातली जवळपास 500 टन पौष्टिक बिस्किटं मुदत संपल्यामुळे जाळून टाकावी लागणार. ती अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या मुलांसाठी होती. ऑगस्टमध्ये पेस्टसाठी पुन्हा काही निधी जाहीर झाला.

मुलाच्या उपचाराला मात्र मध्ये खंड चालत नाही. चौथ्या आठवड्यात पाकिटं संपली आणि सातव्यात पुन्हा आली, तर त्या तीन आठवड्यांत कमावलेलं वजन जातं, आणि कधी मूलही.

पट्टी हिरवी झाल्यावर

दंडाचा घेर 125 मिलिमीटरवर गेला, सलग दोन भेटींत तिथेच राहिला आणि सूज नसली, की मुलाला बरं झाल्याचं धरून नाव कमी करतात. आई त्याच घरी जाते. तीच विहीर, तेच अतिसाराचे दिवस, तीच रिकामी होत जाणारी कणगी. भारतातल्या त्या चाचणीतही उपचार थांबल्यानंतर 16 आठवड्यांनी मुलं पुन्हा तपासली, तेव्हा तिन्ही गटांतली बहुतेक मुलं पुन्हा घसरलेली होती. मारादीत एखादं मूल एका वर्षी बरं होऊन जातं आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याची आई पुन्हा रांगेत उभी असते. कधी त्याच मुलाला घेऊन, कधी त्याच्या पाठच्याला.